छपाईची शाई : तिचे घटक आणि तिचा स्वभाव

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत माझ्या आधी कवी बोलून गेले, इतिहासाचे प्राध्यापक बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत माझ्यासारख्या रसायनवाल्याचे पान मांडण्याचे धाडस कार्यवाहांनी केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी विषय विचारला तेव्हा मी 'शाई' एवढेच म्हणालो. त्यांना वाटले, मी दौत-टाकाविषयी बोलणार. लिहिण्याच्या शाईला आपल्याकडे मोठा इतिहास आहे यात शंका नाही. १९३१ साली गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, ती कथा बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. परंतु माझे आयुष्य गेले ते दुसऱ्याच शाईत. ती दौतीत मावत नाही, टाकातून उतरत नाही. डब्यातून सुरीने काढावी लागते आणि एकदा शर्टाला लागली की शर्टाबरोबरच जाते. ती छपाईची शाई होय. या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकात ती आहे, आणि वाचकाला ती दिसत नाही. त्याला अक्षर दिसते. तसेच असायला हवे. तथापि आज तासभर आपण अक्षर बाजूला ठेवून त्याच्या काळेपणाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे.

लिहिण्याची शाई आणि छपाईची शाई यांत नाते फक्त नावाचे आहे. आपल्या पोथ्या ज्या मषीने लिहिल्या गेल्या ती म्हणजे काजळी, डिंक आणि पाणी. बोरूला ती उत्तम, कागदालाही उत्तम. परंतु धातूच्या खिळ्यावर ती लावून पाहा. कमळाच्या पानावरील पाण्यासारखी ती थेंब-थेंब होऊन गोळा होते. धातूला पाणी नीट धरत नाही, तेल धरते. पंधराव्या शतकात जर्मनीत गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी छापण्याची युक्ती काढली, तिचे श्रेय आपण खिळ्यांना आणि दाबयंत्राला देतो. त्या यशात निम्मा वाटा तेलातल्या शाईचा होता. जवसाचे तेल तासन् तास तापवून मधासारखे दाट करायचे आणि त्यात काजळी घोटायची, ही मूळ कृती. पुढची चारशे वर्षे तिच्यात फारसा बदल झाला नाही.

सुरतेत उभे राहून छपाईविषयी बोलायचे आणि भीमजी पारेख यांचे नाव घ्यायचे नाही, हे बरे दिसणार नाही. हे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे सुरतेतील दलाल. शिवाजी महाराजांनी ज्या सुरतेवर १६६४ आणि १६७० मध्ये स्वारी केली, तिच्यातलेच हे गृहस्थ. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापून काढावेत असे त्यांच्या मनाने घेतले आणि १६७० च्या सुमारास त्यांनी कंपनीमार्फत विलायतेहून मुद्रक मागवला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला पन्नास पौंड पगारावर मुंबईस आला. यंत्र आले, कागद आला. पण हिल्स हा छापणारा होता, खिळे पाडणारा नव्हता. नागरी खिळ्यांचे काम त्याच्या हातून झाले नाही. भीमजींनी मग आपल्याच माणसांकडून खिळे करवून पाहिले, तरीही तो उद्योग मूळ धरू शकला नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात हा वृत्तांत कागदपत्रांसह दिला आहे. सुरतेतच जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईस १८१२ साली पहिला गुजराती छापखाना काढला आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केले, तोवर भीमजींचा मनोरथ सव्वाशेहून अधिक वर्षांचा जुना झाला होता. पुढे १८४० नंतरच्या वर्षांत आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग या शहरात शिक्षक म्हणून होते. दुर्गाराम मेहताजी आणि ते यांनी मिळून १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली हे आपण जाणताच. याच मंडळींनी पुस्तकप्रसारासाठी सुरतेत शिळाछापाचीही खटपट केली. एका गुजराती आणि एका मराठी शिक्षकाने एकत्र येऊन केलेला तो उद्योग आपल्या ग्रंथालयाला दूरचा का होईना, पण पूर्वज वाटावा असा आहे.

शिळाछापाचे नाव निघाले की गणपत कृष्णाजी पाटील यांच्याकडे वळावे लागते. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून-शिकून या माणसाने स्वतः लाकडी यंत्र उभे केले, स्वतः शाई तयार केली आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या पुस्तकात त्यांच्याविषयी आदराने लिहिले आहे. त्या काळी सोवळ्या मंडळींना छापील कागदाला हात लावण्याचा संकोच वाटे; शाईत जनावरांची चरबी असते असा बोलबाला होता. तेव्हा गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली, असे परंपरेने सांगितले जाते. ही गोष्ट मी विद्यार्थिदशेत ऐकली आणि शाईच्या धंद्यात पडल्यावर ती मला सारखी टोचू लागली. कारण एकच. तूप वाळत नाही.

वाळणे म्हणजे काय, हे येथे थोडे सांगतो. धुणे वाळते ते पाणी उडून गेल्यामुळे. जवसाच्या तेलातून मात्र काहीच उडून जात नाही. उलट ते हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि वजनाला भरते. त्याच्या रेणूंतील दुहेरी बंध प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांत गुंततात आणि द्रवाचे पातळ, चिवट कातडे बनते. कोणत्या तेलात असे बंध किती, हे मोजण्यासाठी शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते ते पाहतात. जवसाचा आकडा १७० च्या वर, शेंगदाण्याच्या तेलाचा नव्वदच्या आसपास, आणि तुपाचा जेमतेम तीस-पस्तीस. म्हणजे तुपात गुंतायला धागेच नाहीत. एकदा रविवारी घरच्या तुपात काजळी घोटून मी शाई केली (घरात त्यावरून काय बोलणे झाले ते येथे सांगत नाही) आणि लाकडी ठशाने कागदावर उमटवली. अक्षर सुरेख आले. तिसऱ्या दिवशी अक्षराभोवती पिवळसर वलय दिसू लागले, आठवड्याने मागच्या बाजूनेही वाचता येऊ लागले, आणि महिन्याने बोट फिरवले तर बोट काळे झाले. गणपत कृष्णाजींची पुस्तके अशी नाहीत. यावरून माझा तर्क असा, की त्यांनी तूप वापरले असेल ते शाई मऊ करण्यासाठी जिथे चरबी पडे त्या जागी, आणि थोडके. पाया जवसाच्या तेलाचाच ठेवला असेल. शिळाछापात दगडावरचे अक्षर स्निग्ध पदार्थालाच धरते, तेव्हा थोडे तूप तेथे बाधक नव्हते. श्रद्धेचा मान राखला आणि रसायनाचाही राखला, ही कारागिराची अक्कल होय. कोणत्याही विद्यापीठाने त्यांना ती शिकवली नव्हती.

मला विद्यापीठाने बरेच शिकवले. माटुंग्याच्या ज्या रसायन तंत्रज्ञान विभागात मी शिकलो, तेथे प्रा. के. वेंकटरामन यांनी १९३८ पासून १९५७ पर्यंत संचालकपद भूषविले आणि रंगांच्या रसायनाचा पाया आपल्या देशात घातला. त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांकडे मी शिकलो. पदवी घेऊन एका शाईच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत दाखल झालो आणि आपल्याला शाई कळते अशी माझी समजूत झाली. ती १९८८ च्या पावसाळ्यात उतरली.

सुरतेत दिवाळीचा माल पावसाळ्यात तयार होतो. साड्यांच्या खोक्यांवरची चित्रे, साड्यांची रंगीत पुस्तके, लेबले, सारे ऑगस्ट-सप्टेंबरात छापले जाते. आमची शाई वापरणाऱ्या एका छोट्या छापखान्याच्या मालकांचा निरोप आला, की गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेला ताव चोवीस तास झाले तरी ओला आहे. वरच्या तावाच्या पाठीवर खालच्या तावाचे चित्र उमटते आहे. मी गेलो, बोट फिरवून पाहिले आणि निदान केले, की ड्रायर कमी पडतो आहे. ड्रायर म्हणजे कोबाल्ट किंवा मँगनीज यांचे क्षार. प्राणवायू ओढून घेण्याच्या कामाला ते गती देतात, म्हणून चिमूटभर पुरतात. मी कोबाल्टचा डबा पाठवला आणि प्रमाण वाढवून दिले. दोन दिवसांनी पुन्हा निरोप आला, तेव्हा चार फूट उंचीचे गठ्ठे विटांसारखे झाले होते. ताव ताव सोडवताना चित्रातल्या बाईचा चेहरा एका कागदावर आणि साडी दुसऱ्या कागदावर, असे निघत होते. मालक माझ्यापेक्षा वयाने मोठे. ते एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितले तेवढेच घातले."

खरे कारण सापडायला मला तीन दिवस लागले. ऑफसेट छपाईत पत्र्यावर शाईबरोबर पाणीही फिरते. जेथे अक्षर नाही तेथे पाणी बसते आणि शाईला दूर ठेवते. त्या पाण्यात थोडे आम्ल घालावे लागते. पावसाळी दमट हवेत कागदाने गोदामातच ओल घेतली होती आणि मुळातच शाई संथ वाळत होती. मी ड्रायर वाढवला तेव्हा शाई जास्त पाणी पिऊ लागली. पाणी पिलेली शाई पत्र्याच्या कोऱ्या जागी पसरू लागली. मशीनमनने ती जागा स्वच्छ राखण्यासाठी पाण्यातले आम्ल वाढवले, आणि त्या आम्लाने कोबाल्टचेच बळ काढून घेतले. मी कागदी पट्टीने आम्लता मोजली, तेव्हा आकडा साडेतीनवर होता. तो पाचच्या आसपास हवा होता. म्हणजे मी जितके औषध देत होतो, तितका रोग वाढत होता. शिवाय चार फुटांच्या गठ्ठ्यात आतल्या तावांना हवा कुठून मिळणार? गठ्ठे लहान केले असते, आम्ल कमी केले असते आणि कागद आदल्या दिवशी यंत्राच्या खोलीत आणून ठेवला असता, तर माझ्या डब्याची गरजच पडली नसती. ते साडीचे पुस्तक दिवाळीनंतर व्यापाऱ्याच्या हाती पडले, म्हणजे पडून उपयोग नव्हता. मालकांनी खराब ताव रद्दीच्या भावाने विकले. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. पुढल्या वर्षी मात्र शाई दुसरीकडून घेतली.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेतील कामाची रीत बदलली. तोवर शाईची परीक्षा आम्ही वातानुकूलित खोलीत, कोरड्या कागदावर घेत असू आणि उत्तीर्ण शाई सुरतेच्या श्रावणात पाठवत असू. पुढे दमट हवेची पेटी केली, आम्लाचे पाणी शाईत घोटून ती किती पिते हे मोजू लागलो, आणि वजनाखाली दाबलेल्या गठ्ठ्यात शाई वाळवून पाहू लागलो. यात बुद्धीची झेप कसली नव्हती. छापखान्यात जे घडते ते प्रयोगशाळेत घडवून पाहायचे, इतकेच.

शाईचे वागणे मोजायचे म्हणजे प्रथम तिचे वाहणे मोजायचे. पाणी जोरात ढवळा की हळू ढवळा, ते तितकेच पातळ राहते. शाई तशी नाही. डब्यात ती चक्क्यासारखी थिजून बसते. सुरीने दोन मिनिटे घोटली की श्रीखंडासारखी सैल होते, आणि पुन्हा स्वस्थ ठेवली की आवळते. काजळीचे कण तेलात विखुरलेले असतात आणि विश्रांतीत ते एकमेकांना धरून नाजूक जाळे करतात. ढवळले की जाळे तुटते. छापणाऱ्याला हा गुण फार हवा असतो. यंत्राच्या रुळांवर शाईने सैल व्हावे, म्हणजे ती सर्वत्र सारखी पसरेल. आणि कागदावर उतरताक्षणी तिने आवळावे, म्हणजे अक्षराची कड फुटणार नाही. जाळे फारच घट्ट झाले, तर शाई यंत्राच्या कुंडीत रुळापासून मागे सरकून बसते आणि छपाई फिकी पडते. जुने मशीनमन अधूनमधून सुरीने कुंडी ढवळत, ते याचसाठी.

दुसरा गुण चिकटपणाचा. दोन रुळांमधून शाई जाते तेव्हा तिचा थर मध्ये दुभंगतो आणि दुभंगताना ओढ देतो. ओढ जास्त असली, तर कागदाचे तंतूच उपटून येतात. कमी असली, तर अक्षर बोथट होते. चार रंग ओल्यावर ओले छापायचे, तर पहिल्या रंगाची ओढ सर्वांत अधिक आणि पुढल्यांची उतरती ठेवावी लागते, नाहीतर दुसरा रंग पहिल्यालाच उचलून नेतो. वृत्तपत्राच्या वेगवान यंत्रावर दुभंगणाऱ्या शाईचे धागे तुटून तिची धुकट फवार हवेत उडते; त्या विभागात काम करणाऱ्यांच्या रुमालाला विचारा. या साऱ्याला उपकरणे आहेत, आकडे आहेत. तरीही अनुभवी माणूस सुरीच्या टोकाने शाईचा धागा ओढतो, तो कुठे तुटतो ते पाहतो आणि आकड्याच्या जवळपास पोचतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. कण किती बारीक दळले गेले आहेत हे मात्र डोळ्याला सांगता येत नाही. उतरत्या खाचेच्या पोलादी पट्टीवर शाई ओढून पाहावी लागते. चांगल्या ऑफसेट शाईत हजारांश मिलिमीटरच्या पाच-सात पटींहून मोठा कण चालत नाही.

वृत्तपत्राची शाई हा वेगळाच प्राणी आहे. ती स्वस्त खनिज तेलात केलेली असते आणि खऱ्या अर्थाने वाळतच नाही. कागद तेल पिऊन टाकतो आणि काजळी वर राहते. सकाळी पेपर वाचून बोटे काळी होतात, ती त्यामुळे. ही बोटे धुता येतात. परंतु याच कागदात आपण गरम भजी बांधून घेतो, येथे सुरतेत खमण आणि लोचो बांधून घेतो. तेल आणि उष्णता लागली की शाईतील तेल आणि रंग खाद्यात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये याविषयी इशारा दिला आणि २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली. सांगायला खेद वाटतो, की परवाच स्टेशनाजवळ मी छापील कागदातच भजी घेतली. छापील बाजू आत होती.

या बाबतीत शाईवाल्यांनाही एक धडा २००५ मध्ये मिळाला. इटलीत तान्ह्या मुलांच्या दुधात शाईतला एक पदार्थ सापडला. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती. आत दूध आणि मध्ये अनेक थर. मग ती आत गेली कशी? खोक्याचा कागद छापून गुंडाळीत गुंडाळला जातो, तेव्हा बाहेरची छापील बाजू आतल्या कोऱ्या बाजूला टेकते आणि अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या त्या शाईतील उरलेला पदार्थ दाबाने पलीकडे उमटतो. डोळ्यांना काही दिसत नाही. माझ्या साडीच्या गठ्ठ्यात घडले तेच येथे घडले होते. फरक इतकाच, की माझे चित्र दिसत होते. आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाईसाठी भारतीय मानक आहे, आणि त्यात वर्ज्य पदार्थांची यादी आहे. शिसे असलेला पिवळा रंग अशा शाईत चालत नाही.

रंगांचा विषय निघाला, तर निळ्याचे कौतुक केल्यावाचून पुढे जाववत नाही. भर उन्हात लावलेली जुनी भित्तिपत्रके आपण पाहिली असतील. नटनट्यांचे चेहरे काही महिन्यांत निळे पडतात. लाल उडतो, पिवळा उडतो, निळा राहतो. तो निळा थॅलोसायनीन जातीचा. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथील कारखान्यात एका पांढऱ्या रसायनाच्या भांड्याचा आतला काचेचा मुलामा तडकला, आतले लोखंड उघडे पडले आणि मालात निळे कण दिसू लागले. दुसऱ्या कुणी ते गाळून टाकले असते. तेथल्या रसायनज्ञांनी ते तपासले, लोखंडाच्या जागी तांबे घालून पाहिले, आणि १९३५ पर्यंत जगातला अत्यंत टिकाऊ निळा बाजारात आला. आज त्याचे मोठे उत्पादन आपल्या गुजरातेतच होते.

कापडावरील छपाईविषयी या शहरात मी काय सांगावे? श्रोत्यांत निम्मे तरी तिच्यावर संसार करणारे असतील. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली आपली माणसे यंत्रांवर उभी आहेत. एवढेच नमूद करतो, की कागदावर शाई पृष्ठभागी बसते आणि पॉलिएस्टरवर ती धाग्याच्या आत जाते. हल्ली संगणकाच्या यंत्राने आधी कागदावर छापतात आणि तो कागद कापडावर ठेवून सुमारे दोनशे अंशांना दाबतात; रंग कापरासारखा घनाचा थेट वायू होतो आणि उष्णतेने सैल झालेल्या धाग्यात शिरतो. या शाईला पाण्याइतके पातळ असावे लागते, कारण तिला केसाहून बारीक छिद्रांतून जायचे असते. शंभर वर्षे शाई दाट करण्यात घालवली आणि आता ती पातळ करायला शिकतो आहोत. १९९७ मध्ये भारताने कर्करोगास कारण ठरणाऱ्या अमाइनांचे काही अॅझो रंग बंद केले, तेव्हा येथील धंदा बसेल असे पुष्कळांना वाटले होते. तो बसला नाही.

आता आपल्या ग्रंथालयाकडे येतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि तापीने सुरत बुडवली. आपले तळमजल्याचे दालन चार दिवस पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर चिखल काढणाऱ्यांत मीही होतो, आणि शाईचा एवढा मोठा प्रयोग मी आयुष्यात पाहिला नाही. पुस्तके फुगली होती, बांधण्या सुटल्या होत्या. परंतु छापील अक्षर जसेच्या तसे होते. काजळी पाण्यात विरघळत नाही आणि वाळलेल्या जवसाच्या तेलाने तिला घट्ट धरले होते. गेली ती आर्ट पेपरवरची चित्रे. त्या कागदाचा लेप पाण्याने सुटला आणि पाने जुळून पाटी झाली. आपल्या ग्रंथालयाचा जांभळा शिक्का मात्र पानापानांतून पसरला. तो रंग पाण्यात विरघळणाराच होता. दर पुस्तकाच्या पहिल्या पानावर जास्वंदीएवढा डाग पडला.

आणि नोंदवह्या. आपल्या सर्वांत जुन्या दाखल नोंदवह्या निळ्या-काळ्या शाईत लिहिलेल्या होत्या. ती शाई हिराकस आणि टॅनिन यांपासून होते; ती कागदात शिरून काळी पडते, पाण्याने जात नाही. त्या वह्या चिखल पुसून वाळवल्या आणि पहिल्या वर्षीच्या देणगीदारांची नावे आजही वाचता येतात. पुढे साधारण १९६५ ते १९८५ या काळात कोणीतरी सुंदर अक्षरात, सुंदर निळ्या धुऊन निघणाऱ्या शाईत नोंदी केल्या. ती वीस वर्षे कोरी निघाली. आमचे तेव्हाचे ग्रंथपाल त्या पानांसमोर बराच वेळ बसले होते. त्यांतील बरीच पाने त्यांच्याच हातची होती. कोणी पुस्तके दिली, कोणी कपाट दिले, कोणी आजीव वर्गणी भरली, हे सारे गेले. मी शाईचा माणूस, या ग्रंथालयाचा तीस वर्षांचा सभासद. नोंदवहीत कोणती शाई आहे हे पाहण्याचे मला एकदाही सुचले नव्हते.

जुन्या निळ्या-काळ्या शाईचेही गुणच गुण आहेत असे नाही. तिच्यात आम्ल असते आणि ते कागद हळूहळू खाते. त्या वह्यांत अक्षराखालचा कागद आता तपकिरी झाला आहे, उलटताना जपायला हवे. कार्यकारिणीला मी दोन गोष्टी कळवल्या आहेत आणि त्या त्यांनी मान्य केल्या आहेत. शिक्क्यासाठी यापुढे काजळीची शाई वापरावी, जांभळी नको. आणि नोंदी रंगद्रव्य असलेल्या काळ्या शाईच्या पेनाने कराव्यात. आपला शताब्दी ग्रंथ आम्लविरहित कागदावर छापला जाणार आहे. मुद्रकांना मी एवढेच सुचवले आहे, की पावसाळ्यात छापणार असाल तर गठ्ठे लहान ठेवा.

हरवलेल्या वीस वर्षांच्या नोंदी पुन्हा जुळवण्याचे काम सध्या चालू आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या काळच्या पावत्या, पत्रे, ग्रंथालयाचे सभासद-कार्ड असेल, तर ते कृपया ग्रंथपालांकडे आणून द्यावे. ते शिसपेन्सिलीने लिहिलेले असले तरी चालेल. शिसपेन्सिलीत शिसे नसते, कार्बन असतो. पुरात भिजलेल्या वह्यांच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून स्वच्छ वाचता येतात, आणि आतापर्यंत एकेचाळीस नोंदी आम्हाला त्यांवरूनच लागल्या आहेत.